पायाखालची जमीन

तर झालं असं, की गावाकडे आईसाठी घर बांधायचं ठरलं आणि मी एक्सेल शीट उघडली.

आमच्या धंद्यातल्या माणसांना ही खोडच असते. घरातल्यांनी वीट, वाळू, सिमेंट असा विचार सुरू केला की आम्ही रो आणि कॉलम असा विचार सुरू करतो. माझ्या शीटचं नाव होतं 'आईचं घर, व्हर्जन १'. शेवटी ती 'व्हर्जन ११ फायनल फायनल' वर जाऊन थांबली. त्या अकरा व्हर्जनांमध्ये मी काय शिकलो, त्यातल्या एकाच ओळीची ही गोष्ट आहे. ती ओळ होती 'फ्लोअर इन्सुलेशन'.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव जुन्नरपासून आठ-दहा किलोमीटरवर, कुकडीच्या काठाला. जुनं घर पांढरीच्या मातीच्या भिंतींचं आणि वर पत्रा. २०२१ साली दादा गेले आणि पुढच्याच वर्षीच्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत बसली. रात्री बसली, आई पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. पुण्याला चल म्हटलं तर महिनाभर राहिली आणि 'तुमच्या बाल्कनीत मला गुदमरतं' म्हणून परत गेली. मग नवं घर बांधण्याशिवाय इलाज नव्हता. दादा एसटीत होते. त्यांच्या ग्रॅच्युइटीचे जे काही उरले होते ते आणि माझे थोडे, असं मिळून बजेट ठरलं. आईने पासबुक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "एवढ्यात बसव. कर्ज नको."

मला इथे हे सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा हिशोब त्या पासबुकाशी बांधलेला आहे. स्वतःचे पैसे असते तर मी बिनधास्त प्रयोग केले असते.

आता फ्लोअर इन्सुलेशनचं भूत माझ्या डोक्यात कुठून आलं? तर ऑनसाईटहून. काही वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टसाठी जर्मनीत दोन हिवाळे काढले. बाहेर उणे आठ, आणि आत मी टी-शर्टवर, अनवाणी. पाय गार पडत नव्हते, याचंच मला अप्रूप वाटलं. तिथल्या सहकाऱ्याने सांगितलं की फरशीखाली इन्सुलेशनचा जाड थर आहे. मग मी वाचायला लागलो. जर्मनीतच डार्मश्टाट शहरात १९९०-९१ साली पहिलं 'पॅसिव्ह हाऊस' उभं राहिलं. भिंत, छप्पर आणि जमीन अशा सगळ्या बाजूंनी घराला रजई गुंडाळायची, म्हणजे शेगडी जवळजवळ लागतच नाही, अशी ती कल्पना. मला ती इतकी आवडली की 'माझं घर बांधीन तेव्हा असंच' हे तिथेच ठरून गेलं.

जुन्नरला थंडी पडते, हे पुण्यामुंबईच्या लोकांना सांगावं लागत नाही. शिवनेरीवर जानेवारीतल्या पहाटे गेलेल्यांना विचारा. पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, कधी आणखी खाली. आईला संधिवात. 'फरशीवर पाय ठेवला की कळ जाते' हे वाक्य दर हिवाळ्यात फोनवर ऐकू यायचं. झालं! जर्मनीतली उबदार फरशी आणि आईचे गुडघे यांची माझ्या डोक्यात सांगड बसली. हजार चौरस फुटांचं घर. फरशीखाली दोन इंची एक्सपीएस शीट (थर्मोकोलचा घट्ट, कडक भाऊ), वर-खाली प्लॅस्टिक, त्यावर काँक्रीट, मग टाइल. मजुरीसकट चौरस फुटाला शंभराच्या आसपास भाव आला. म्हणजे एक लाख रुपये. शीटमध्ये टाकले आणि पुढे सरकलो.

मे २०२३ मध्ये कागद घेऊन गावी गेलो. आमचे मिस्त्री साठीचे आहेत, आजूबाजूच्या चार गावांत त्यांनी बांधलेली घरं आहेत. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"हे काय, फरशीखाली थर्मोकोल? कशापायी?"

"थंडी येऊ नये म्हणून."

"आणि वर स्लॅबला काय घालणार?"

"वर... स्लॅबच. नंतर बघू जमलं तर."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, पायात मोजं घालायचं आणि उन्हात उघड्या डोक्यानं हिंडायचं, असं झालं हे. शिवाय वाळवीला आयतं ताट वाढून ठेवणार तुम्ही."

मी (मनातल्या मनात) म्हटलं, यांना यू-व्हॅल्यू काय कळणार. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने नुसतं शेवटचं ऐकलं असावं. म्हणाली, "फरशी गरम करायची? कशाला रं? गार असती म्हणून तर उन्हाळ्यात दुपारची पाठ टेकती माझी."

आई उन्हाळ्यात दुपारी खाटेवर झोपत नाही, जमिनीवर झोपते. लहानपणापासून पाहिलेलं आहे. आम्ही सगळेच झोपायचो, सारवलेल्या जमिनीवर, उघड्या पाठीने. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एक्सेलमध्ये त्यासाठी कॉलम नव्हता.

पुण्याला परत आलो आणि पहिल्यांदा तो हिशोब नीट मांडायला बसलो. आकडेमोड आवडत नसेल तर पुढचे दोन-चार परिच्छेद गाळा. पण घर बांधायचं मनात असेल तर वाचाच, कारण हा हिशोब कोणी करून देत नाही.

यू-व्हॅल्यू म्हणजे साधी गोष्ट आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता पलीकडे जाते, ती संख्या. कमी असेल तेवढं चांगलं. पाच इंची उघड्या स्लॅबचा हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. जमिनीचा किती? मला वाटलं होतं तेवढाच असेल. पण जमिनीखाली हवा नसते, माती असते, आणि उष्णतेला बाहेर पडायला त्या मातीतून लांबचा वळसा घ्यावा लागतो. आमच्या घराच्या मापाला आंतरराष्ट्रीय मानकातलं सूत्र लावलं तर काहीही न घालता जमिनीचा आकडा निघाला ०.८ च्या जवळ. म्हणजे उघड्या स्लॅबच्या चौथ्या हिश्शाहून कमी! दोन इंची शीट घातली की तो ०.३ वर येतो. माती फुकटात जे काम करत होती, त्यात लाखभर रुपये घालून मी थोडी भर घालणार होतो.

आता दुसरा भाग, फरक किती अंशांचा. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं, आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. जर्मनीत ते नऊ-दहा अंश. घरात वीस अंश हवे असतील तर जमीन सतत दहा अंशांनी गार. घर जणू गार पाण्यात पाय सोडून बसलेलं. तिथे सहा महिने ही गळती चालते आणि प्रत्येक युनिटचे पैसे हीटिंगच्या बिलात भरावे लागतात. आमचंच घर तिथे उचलून ठेवलं तर फरशीखालच्या शीटने हिवाळ्यात दोन हजारांच्या आसपास युनिट उष्णता वाचेल, असा हिशोब आला. तिथे तो थर घालतात ते बरोबरच आहे.

आणि जुन्नरला? सरासरी चोवीस-पंचवीस अंश. जानेवारीत घरात बावीस असतात. म्हणजे खोलवरची जमीन घरापेक्षा उबदारच निघाली! तरी मी जमिनीला शत्रू धरून, ती घरापेक्षा दोन अंशांनी गार आहे असं मानून हिशोब केला. सगळ्या घराची मिळून गळती दीडशे वॉट. शीट घालून त्यातले नव्वद वाचले. थंडीचे साठ दिवस, चोवीस तास धरले तर १३० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला तेराशे रुपये. लाखाला तेराशेने भागा. पंच्याहत्तर वर्षांच्या वर! आणि हे कधी? आईने साठ दिवस रात्रंदिवस विजेचा हीटर चालवला तर. आईकडे हीटर नाही. आईकडे गोधडी आहे. म्हणजे बिलातली बचत शून्य. वाचवायला आधी खर्च तर असायला हवा ना!

आता उन्हाळा. एप्रिलमध्ये घरात तेहेतीस अंश, खालची जमीन पंचवीस. आठ अंशांचा फरक, आणि उष्णता घरातून खाली जाते आहे. कागदावर साधारण सहाशे वॉट. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर फेकतो, त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा गारवा जमीन देते, बिल न पाठवता. शीट घातली असती तर तो अडीचशेच्याही खाली गेला असता. मी एक लाख रुपये देऊन आईच्या पाठीखालचा गारवा काढून घेणार होतो. तोही दादांच्या पैशांनी.

हे लक्षात आल्यावर खरंच पायाखालची जमीन सरकली.

आता डोक्यावर बघू. एप्रिलच्या दुपारी उघडा काँक्रीट स्लॅब उन्हाने साठ अंशांपर्यंत तापू शकतो. आत चौतीस. फरक पंचवीस धरा, यू-व्हॅल्यू साडेतीन, क्षेत्रफळ ९३ चौरस मीटर. उत्तर आठ हजार वॉट. घराच्या छतावर आठ विजेच्या शेगड्या उलट्या टांगल्यासारखं झालं. बरं, स्लॅब जाड असल्याने ही उष्णता लगेच आत येत नाही, ती काही तासांनी उतरते. म्हणून आपल्याकडे स्लॅबची घरं रात्री दहाला भट्टीसारखी वाटतात आणि लोक बाहेर अंगणात खाटा टाकतात. मिस्त्रींच्या एका वाक्यात हा सगळा परिच्छेद होता. मला त्यासाठी तीन रात्री लागल्या.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. आईच्या घराएवढ्या बांधकामाला ती लागू होत नाही, पण मी कुतूहल म्हणून चाळली. छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या वर नको, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा आहे. जमिनीला? काहीच नाही. ते विसरलेले नाहीत, आपल्या हवेत त्याची गरजच नाही.

एवढं होऊनही मनात खुटखुट होतीच. मग त्याच महिन्यात पुन्हा गावी गेलो तेव्हा खिशात घड्याळाएवढा डिजिटल थर्मामीटर टाकून लेण्याद्रीला चढलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या, दुपारचे दोन, बायकोने वेड्यात काढलं. पायऱ्यांवर सावलीत धरला तर ३७. गणपतीच्या लेण्यात आत कोपऱ्यात दहा मिनिटं धरून बसलो, २९. बाहेरून माणसांची आणि गरम हवेची सतत ये-जा असूनही आठ अंशांचा फरक. जुन्नरच्या आसपास अशी दोनशेहून जास्त लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली. भिक्षूंची घरंच ती, बसायला-झोपायला दगडी ओटे. जमीन डोंगराची, भिंती डोंगराच्या आणि (मुद्दा इथेच आहे) छपरावरही अख्खा डोंगर. कुठेही ऊन थेट लागत नाही. मला माझं 'व्हर्जन ७' तिथे सापडलं.

जमिनीखाली इन्सुलेशन आपल्या तालुक्यांत कुठेच नाही असं मात्र समजू नका. शाळेतला एक मित्र मंचरजवळच्या एका शीतगृहात काम करतो. आंबेगावचं सातगाव पठार म्हणजे बटाट्याचं आगर, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याला फोन केला तर म्हणाला, "आमच्याकडे फरशीखाली शीट आहे की! नसेल तर मालक दिवाळखोर होईल." बरोबर आहे. आत दोन-चार अंश, खाली जमीन पंचवीस. महिनोन् महिने वीसेक अंशांचा फरक, आणि खालून आत आलेली प्रत्येक वॉट कॉम्प्रेसरला बाहेर काढावी लागते. म्हणजे शीतगृह हे उलटं टांगलेलं जर्मन घरच. फरक मोठा, तास भरपूर आणि मीटर चालू, या तीनही गोष्टी जिथे आहेत तिथे फरशीखालचा थर पैसे परत देतो. आईच्या घरात तिन्हींपैकी एकही नव्हती.

आता आईच्या गुडघ्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच. एका रविवारी आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी देवघरासमोरचा लाकडी पाट आणि त्याशेजारची टाइल यांना तो थर्मामीटर रात्रभर चिकटवून ठेवला, आळीपाळीने. दोघांचं तापमान सारखंच. पण पाय ठेवा, टाइल गार लागते आणि पाट नाही. कारण टाइल पायाची उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड हळूहळू घेतं. पायाला कळतं ते तापमान नाही, उष्णता किती वेगाने चालली आहे ते. आता गंमत बघा. मी जी शीट घालणार होतो ती टाइलच्या खाली, आणि त्यात मध्ये दोन इंच काँक्रीट. पाय तर टाइलवरच पडणार होता! जर्मनीत पाय गार पडत नव्हते ते निव्वळ शीटमुळे नव्हे. घर चोवीस तास गरम केलेलं होतं आणि माझ्या खोलीत लाकडी जमीन होती. आमच्या जुन्या घरातली सारवलेली जमीनसुद्धा टाइलपेक्षा कमी गार लागायची, ती याच कारणाने. आईची कळ सुरू झाली ती मधल्या खोलीत चकचकीत फरशी बसवल्यापासून. दादांनी हौसेने बसवली होती. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणजे पाट हेच आपलं फ्लोअर इन्सुलेशन. हवं तेव्हा पायाखाली घ्या, उन्हाळ्यात भिंतीला टेकवून ठेवा. असं उचलून ठेवता येणारं इन्सुलेशन जर्मनांनाही जमलेलं नाही.

शेवटी काय केलं ते सांगतो. दसऱ्याला पाया खणला. नदीकाठची काळी माती फुगते-आकसते म्हणून ती काढून जोत्यात मुरूम भरला, पाणी मारून धुमसला, सोलिंग केलं, वाळवीचं औषध मारलं. काँक्रीटच्या आधी जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला. तो थंडीसाठी नव्हे, ओलीसाठी. आईचं माहेर घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या अंगाला. तिकडे पाऊस इतका, की श्रावणापर्यंत भिंती गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढवतात आणि जमिनीवर अंथरलेली गोधडी खालून दमट होते. आपल्याकडे जमिनीतून काही वर येऊ द्यायचं नसेल तर ते पाणी. त्याला लाख लागत नाहीत, काही हजारांत भागतं. पण ते बांधतानाच करावं लागतं, नंतर करता येत नाही. टाइलऐवजी आतल्या दोन खोल्यांत शहाबादी फरशी घातली. (ती पण गार लागते, पण आईला हवी होती.)

आणि ते एक लाख वर गेले. स्लॅबवर तीच दोन इंची शीट, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, ढाळ काढून, आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइलचे तुकडे. गावातल्या टाइलच्या दुकानातून फुटका माल जवळजवळ फुकट मिळाला. हिशोबाने स्लॅबची यू-व्हॅल्यू ०.५ च्या आसपास आली आणि पांढऱ्या रंगामुळे वरचं तापणंही कमी झालं. आठ हजार वॉटचे हजाराच्या आत आले. पश्चिमेला पडवी काढली, म्हणजे दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही. 'साहेब, आता कसं!' एवढंच मिस्त्री म्हणाले.

२०२४च्या अक्षय्य तृतीयेला आई राहायला गेली. एप्रिल २०२५ मध्ये मी कोरोनाच्या काळात घेतलेली ती कपाळावर रोखायची तापमानाची बंदूक घेऊन गेलो (ती वस्तूंचंही तापमान दाखवते). चुलतभावाचं घर शेजारीच, त्याच मापाचं, स्लॅब उघडा. दुपारी त्याच्या गच्चीवर धरली तर बंदुकीने नुसतं 'हाय' दाखवलं, म्हणजे तिच्या साठच्या मर्यादेपलीकडे. रात्री दहाला खोलीत छताकडे रोखली. त्याच्याकडे ४१, आईकडे ३२. आईच्या फरशीवर २९. चुलतभाऊ दोन कूलर लावून बसला होता. आईकडे पंखा.

आता प्रामाणिकपणाने एक कबुली. छपराचे एक लाख तरी परत मिळणार आहेत का? बिलात बघाल तर नाही. आईकडे एसी नव्हता, मग वाचली काय डोंबलाची वीज? एक कूलर घ्यावा लागला नाही एवढंच. नेहमीच्या पेबॅकच्या हिशोबाने छप्परही नापासच होतं. मग मी शेवटचा कॉलम बदलला. 'रुपये वाचले' काढून टाकलं आणि 'तास' लिहिलं. मार्च ते जूनमधले असे किती तास, जेव्हा आईला घरात बसणं नको होत होतं आणि आता होत नाही. दिवसाचे सात-आठ धरले, दुपार आणि रात्रीचा पहिला प्रहर, तर सीझनला आठशेच्या वर. फरशीखालची शीट जे तास देणार होती ते जानेवारीच्या पहाटेचे, जेव्हा आई गोधडीत असते. ते शून्याला धरले तरी चालतील, आणि उन्हाळ्यातले काही वजा करावे लागले असते. रुपये तेच, तास असे. ज्या घरात बिलच येत नाही तिथे हाच हिशोब खरा, असं मला वाटतं.

तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वरच्या मजल्यावर असाल तर सोसायटीच्या मागे लागून गच्ची पांढरी करून घ्या, फरशीवर खर्च नको. आणि पहिल्या मजल्यावर, पार्किंगच्या डोक्यावर असाल आणि एसी भरपूर चालत असेल, तर तुमच्या फरशीखाली माती नाही, गरम हवा आहे. तिथे खालून थर लावणं खरोखर विचार करण्यासारखं आहे. हिशोब मात्र स्वतःचा स्वतः करा, माझा उचलू नका. मी जर्मनीचा उचलला होता.

यंदाच्या जानेवारीत आईकडे गेलो होतो. पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठून गेलो. ओट्यापाशी उभी राहून चहा टाकत होती. पायाखाली दादांचा जेवायचा पाट, त्यावर घोंगडीची घडी.

"पाय दुखतात का गं?"

"नाही. ह्याच्यावर उभी राहिले की नाही वाजत."

मग चहा गाळता गाळता विचारलं, "ते फरशीखाली घालणार होतास, त्याचं काय झालं?"

"नाही घातलं. वर घातलं."

"बरं केलंस," म्हणाली, आणि माझ्याकडे दुसरा पाट सरकवला.